माळाने दिले, शिवाराने घेतले

सुगी संपून शिवार मोकळे झाले की सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या पट्ट्यात धनगरांचे वाडे काळ्या रानात उतरत. मेंढरे दिवसभर माळावर, ओढ्याकाठी, बांधाबांधाने चरत आणि दिवस मावळला की ठरलेल्या शेतकऱ्याच्या रानात बसत. किती रात्री बसायचे आणि बदल्यात किती पायली ज्वारी घ्यायची, हे आधीच बोलून झालेले असे. मेंढरे बसवणे हा दानधर्म नव्हता, तो चोख व्यवहार होता. लेंड्या आणि मूत थेट जमिनीत जात. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्रातला मोठा वाटा मुतात असतो आणि गोठ्यातून उकिरड्यावर जाईपर्यंत तो बहुतेक उडून, झिरपून जातो. रानात बसलेल्या कळपाचा हा वाटा वाया जात नसे. शेतकऱ्याला रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण मेंढरे बसलेल्या तुकड्यातली ज्वारी कशी काळीभोर उठते हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते.

या व्यवहारात दोन बाजू दिसतात, एक धनगर आणि दुसरा शेतकरी. तिसरी बाजू होती माळाची. गवत त्याचे होते आणि त्याला काहीच मिळत नव्हते.

गवताला खत घालायचे, त्यावर जनावर वाढवायचे आणि मांसासाठी विकून खताचा पैसा सोडवायचा, या हिशेबावर उष्ण कटिबंधात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडपासून ब्राझीलपर्यंत मोठे उद्योग उभे राहिले. सोलापुरात हा हिशेब उलट्या दिशेने चालला. इथे कुरणाला खत मिळाले नाही, कुरणच खत देत राहिले. दीडशे वर्षांत सरकारे बदलली, शास्त्र बदलले, जनावरे बदलली, पण माळावरून शिवाराकडे जाणारा हा ओघ थांबला नाही. सोलापूरच्या दुष्काळाचा इतिहास पाऊस, धान्य आणि माणसे यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. तो गवताच्या अंगाने वाचला तर वेगळाच दिसतो.

माळ म्हणजे ओसाड जागा, ही समजूत नवी आहे. मराठेशाहीत कुरण ही सरकारी मालमत्ता होती. घोडदळाच्या पागा, तोफखान्याचे बैल, हत्ती या सगळ्यांचे पोट राखीव कुरणांवर चाले आणि तिथे चोरून चारणाऱ्याला दंड होई. गावाचे गायरान त्याहून वेगळे, ते सर्वांचे. १८१८ नंतर कंपनी सरकार आले आणि जमिनीकडे पाहण्याची नजर सारावसुलीची झाली. नांगराखाली आलेली जमीन सारा देते, गवताखालची देत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कापूस आणि ज्वारीचे पेरे वाढत गेले तसे हलके, मुरमाड रानही नांगराखाली आले आणि गवत उरले ते बरडावर. १८६० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली. कापूस आणि धान्य मुंबईकडे जाऊ लागले. त्यात कातडीही होती, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवे.

१८७१ मध्ये गुरे अतिक्रमणाचा कायदा आला आणि गावोगावच्या कोंडवाड्यांना कायद्याचे बळ मिळाले. दुसऱ्याच्या रानात शिरलेले जनावर कोंडायचे आणि दंड भरल्याशिवाय सोडायचे नाही. सुकाळात ही किरकोळ बाब. गवत संपलेल्या वर्षी मात्र भुकेले जनावर दावे तोडून जिथे हिरवे दिसेल तिथे जाते आणि मालकाच्या हातात दंडाचे पैसे नसतात.

तसे वर्ष पाच वर्षांतच उजाडले.

१८७६ चा पाऊस सुरुवातीला थोडा पडला आणि मग पाठ फिरवून गेला. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. इथला भरवशाचा पाऊस भाद्रपद-आश्विनातला, परतीचा. तोच आला नाही, म्हणून ज्वारीची पेरणीच झाली नाही. पेरणी हुकली की धान्य जाते हे सगळ्यांना कळते, पण त्याच क्षणी कडबाही गेलेला असतो. मार्गशीर्षात माळावरचे गवत संपते, पौषात बांधावरचे, आणि त्यानंतर जनावर जगते ते गंजीतल्या कडब्यावर. १८७६ च्या हिवाळ्यात जुनी गंजी ज्याच्याकडे उरली होती, तोच सावकार ठरला.

माणसांसाठी सरकारने दुष्काळी कामे काढली. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतले धान्य दिवसाला एका पौंडावर आणले आणि त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवून सरकारपुढे मांडली. त्या काळातला हा लोकलढा मोठाच होता. पण जनावरांसाठी कामे निघाली नाहीत, निघणेही अवघड होते. धान्याचे पोते रेल्वेने शंभर कोस नेता येते. कडबा हलका, जागा फार खाणारा आणि स्वस्त. त्याच्या किमतीपेक्षा वाहतूक महाग पडते. चाऱ्याचे अर्थशास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते आणि आजही फिरते. जिथे उगवला तिथेच तो खाल्ला गेला पाहिजे, नाहीतर त्याचा भाव वाटेतच दुप्पट होतो.

बाजारात तेव्हा दोन भाव एकमेकांविरुद्ध चालले. कडबा दिवसागणिक चढत होता आणि बैल दिवसागणिक उतरत होता. शेवटी बैलाची किंमत त्याच्या कातड्याएवढी झाली. रेल्वे होती, कातड्याला मुंबईत व्यापारी होता, विलायतेत गिऱ्हाईक होते. जनावरे माळावर मेली आणि त्यांची कातडी आगगाडीत बसून गेली. जित्राबाच्या अंगात वर्षानुवर्षे साठलेले माळाचे सत्त्व असे जिल्ह्याबाहेर गेले. १८७२ च्या शिरगणतीत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांवर होती, १८८१ मध्ये ती सहा लाखांच्या आत आली. काही माणसे मेली, काही परागंदा झाली. पाऊस परत आला तेव्हा जे परतले त्यांच्याकडे जमीन होती, पण औत ओढायला बैल नव्हता आणि रानात टाकायला शेण नव्हते. दुष्काळ आकाशातून दोन वर्षांत गेला, जमिनीतून जायला पुष्कळ अधिक काळ लागला.

याच सुमारास, १८७८ मध्ये, नवा जंगल कायदा आला. सोलापुरात जंगल म्हणावे असे फारसे काही नव्हते. होते ते गवताचे माळ आणि ओढ्याकाठची बाभूळबने. त्यातले बरेच कागदावर जंगल झाले. चराईला परवाना आणि फी लागू लागली आणि गवताचे लिलाव होऊ लागले. लिलावात घेतलेले गवत एका हंगामापुरते आपले. पुढच्या वर्षी ते कुणाचे, कुणास ठाऊक. असा माणूस त्या जमिनीत एक पाटी शेणखत तरी का टाकेल? गायरानावर तर सगळ्यांचा हक्क, म्हणजे टाकणारा एक आणि चारणारे शंभर. पेशवाईतल्या राखीव कुरणाला निदान एक धनी होता. आता माळाला धनी नव्हता किंवा दर वर्षी नवा होता.

१८८९ मध्ये विलायतेच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना भारत सरकारने बोलावून घेतले. देशभर फिरून त्यांनी १८९३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय शेतकरी अडाणी असल्यामुळे शेण जाळतो, ही तेव्हाच्या साहेबांची लाडकी समजूत होती. व्होल्करांनी ती खोडून काढली. जिथे लाकूड मिळते तिथे शेतकरी शेण जाळत नाही, गोवरी थापतो तो सरपण नसल्यामुळे, असे त्यांनी मांडले आणि सरपण व चारा यांसाठी राखीव जागा ठेवण्याचा आग्रह धरला. सोलापूरच्या बायका हे त्यांना कोणत्याही परसात सांगू शकल्या असत्या. तूरकाठी आणि पळकाठी संपली की चुलीत गोवरीच जाते. व्होल्करांचे निदान मला फार मोलाचे वाटते, कारण त्यांनी शेतकऱ्याला दोष न देता जमाखर्च पाहिला. पण त्यांच्या हिशेबातही शेण परत जायचे ते शेतात. ते माळाला परत द्यावे, असे तेव्हा कुणाच्या मनात आले नव्हते.

आता जनावराकडे वळू. क्वीन्सलँडच्या पशुपालकाला त्याच्या बैलाचे वजन हवे असते. गवताला घातलेल्या खताचा प्रत्येक किलो शेवटी मांसाच्या किलोत मोजता येतो. सोलापूरचा खिलार असा मोजता येत नाही. म्हैसूरकडच्या हळ्ळीकार वंशाशी नाते सांगणारा हा बैल आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत या कोरड्या पट्ट्यात घडला. उंच, पांढरा, चपळ, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे. थिल्लारी धनगर आणि शेतकरी यांनी तो निवडून निवडून तयार केला, तो चालीसाठी आणि ओढीसाठी. पंढरपूरच्या यात्रेत, सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, सांगोल्याच्या बाजारात जोडीचा सौदा रुमालाखाली बोटांनी होई. दात पाहिले जात, खूर पाहिले जात, शिंगांची ठेवण, वशिंड, कातडीचा तजेला आणि जोडीचा मेळ पाहिला जाई. वजनकाटा कुठेच नव्हता. चांगल्या चाऱ्यावर वाढलेल्या खोंडाला दोन पैसे जास्त मिळत हे खरे, पण ते पैसे अंगावर चढलेल्या किलोंचे नसत, रूपाचे आणि चालीचे असत. म्हणून चाऱ्यावर किती खर्च केला आणि त्यातून किती सुटले, हा हिशेब कधी कागदावर उतरला नाही. वासरू गाईमागे माळावर फुकट वाढले, हेच त्या धंद्याचे भांडवल होते. कडबा, सरकी, पेंड ही चैन विक्रीच्या आधीच्या काही महिन्यांपुरती.

मांसासाठी वजनावर जाणारे जनावर या माळावर होते, पण ते मेंढरू आणि उस्मानाबादी शेळी. तीही चरत फुकट. त्यांचा मालक जमीनदार नव्हता, म्हणजे गवतातून पैसा करणाऱ्याकडे गवताची जमीन नव्हती आणि जमीन ज्यांच्याकडे होती त्यांना गवतात पैसा दिसत नव्हता.

१९२६ ते १९२८ या काळात लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने हा पेच ओळखला. चारा जितका वाईट तितकी गाय उशिरा माजावर येते. गाय उशिरा विते म्हणून बैलांची गरज भागवायला अधिक गाई ठेवाव्या लागतात, आणि अधिक गाई म्हणजे वाट्याला आणखी कमी चारा. आयोगाचे हे निरीक्षण सोलापूरच्या कोणत्याही गायरानाला लागू पडत होते.

यानंतर सोलापूरच्या इतिहासातले एक फार अभिमानाचे प्रकरण सुरू होते. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला व्ही. ए. ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले होते. पुढे ते काम एन. व्ही. कानिटकर यांच्याकडे आले आणि १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र उभे राहिले. विजापूर, रायचूर, हगरी, रोहतक आणि सोलापूर अशी ही साखळी होती. हातात पंप नाहीत, धरण नाही, सातशे मिलिमीटरच्या आसपास लहरी पाऊस आणि काळी भेगाळणारी जमीन. एवढ्यावर शेतकऱ्याच्या पदरात काय पडू शकते, हे या माणसांनी धीराने शोधले.

त्यांनी सांगितलेली पद्धत साधी होती. बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करा, कुळवाच्या पाळ्या द्या, बी कमी पेरा, ओळी दीड फुटावर ठेवा, कोळपण्या करून भेगा बुजवा. आणि तीन वर्षांतून एकदा एकरी पाच गाड्या शेणखत टाका. हा शेवटचा आकडा मला वारंवार थांबवतो. वर्षाला एकरी दोन गाड्यासुद्धा नाहीत. कानिटकरांना अधिक खताचे फायदे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना शेतकऱ्याचा उकिरडा ठाऊक होता. एक बैल दिवसाला दहा किलोच्या आसपास ओले शेण टाकतो. त्यातले दिवसा माळावर पडते, काही गोवऱ्यांत जाते, उरलेले कुजून निम्मे होते. जोडी आणि एखादी गाय असलेल्या कुटुंबाने वर्षभर जमवलेले शेण दोन-चार एकरांनाच कसेबसे पुरते. शिफारस परवडेल एवढीच करायची, हे शहाणपण त्या आकड्यात आहे. कोरड्या रानात नत्र जास्त झाले तर पीक लवकर हिरवेगार वाढते, जमिनीतली ओल आधीच पिऊन टाकते आणि कणीस भरायच्या वेळी करपते, हेही सोलापूरच्या रानाने शिकवले. खत आणि ओल यांचे नाते जुळले नाही तर खताचा पैसा मातीत जातो.

केंद्राने आणखी एक काम केले. वाहून जाणारे पाणी आणि माती मोजण्याचे प्रयोग देशात फार आधी सुरू झाले, ते सोलापुरात. उघडी जमीन पावसाच्या दोन-चार सरींत किती माती गमावते आणि गवताने झाकलेली जमीन ती कशी धरून ठेवते, हे इथे मोजमाप करून सिद्ध झाले. गवताची किंमत पहिल्यांदा चाऱ्याबाहेर मोजली गेली. कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९४२ मध्ये मुंबई सरकारचा जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला आणि सोलापूर-विजापूरकडच्या रानांत समपातळीचे बांध पडू लागले.

या बांधांवर मारवेल आणि पवना उगवले, हरळी पसरली. कुणी मुद्दाम पेरले नव्हते. शेतात टाकलेल्या खताचा अंश, अडलेला गाळ, अडलेले पाणी यांवर बांधाचे गवत पोसले. ते बांध ज्याचे त्याचे होते, म्हणून त्यावरून भांडणे झाली, पण गवत राखले गेले. माझ्या मते सोलापूरचे खरे सुधारलेले कुरण ते हेच, दोन-तीन हात रुंद आणि मैलोगणती लांब. बायका विळ्याने कापून भारे घरी आणत आणि दावणीला टाकत. जिथे धनी होता तिथे गवताला खत मिळाले, हे या बांधांनी दाखवून दिले, आणि त्यासाठी शेतकऱ्याला वेगळा खर्चही आला नाही.

त्याच सुमारास मोहोळच्या केंद्रात मालदांडी ज्वारीतून ३५-१ हे वाण निवडले गेले. टपोरे दाणे, उत्तम भाकरी, उंच ताट आणि गोड कडबा. पुढे संकरित ज्वारी आली, दाण्याचा उतारा वाढला, पण रब्बीत सोलापूर-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. अधिकाऱ्यांना ते मागासलेपण वाटले. खरे तर शेतकरी एका पिकातून दोन उत्पन्ने घेत होता आणि वाईट वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचेच पैसे अधिक होत. ज्वारीला टाकलेले खत म्हणजे निम्मे वैरणीला टाकलेले खत. सोलापूरने गवताला खत घातले नाही, पण वैरणीला घातले, ज्वारीच्या मार्फत.

साता समुद्रापलीकडे याच काळात उलटा प्रयोग रंगात होता. उत्तर क्वीन्सलँडच्या निकस माळांवर स्टायलो नावाची शेंगवर्गीय वैरण आणि तिला सुपर फॉस्फेट, असे सूत्र संशोधकांनी बसवले. शेंगवर्गीय वनस्पती नत्र हवेतून आणते, कमी असतो तो स्फुरद. तो पिशवीतून दिला की गवत आणि गुरे दोन्ही वाढतात. सरकार सुपर फॉस्फेटवर अनुदान देत होते, गोमांसाला जपान-अमेरिकेत मागणी होती, हिशेब जुळत होता. मग १९७४ उजाडले. मांसाचे भाव कोसळले, जगभर फॉस्फेटच्या खडकाचे भाव कित्येक पटींनी चढले, अनुदान बंद झाले आणि टाउन्सव्हिल स्टायलोवर करपा रोगाने घाला घातला. चार आघात एकाच सुमारास आले. एवढ्या मोठ्या, एकमालकी, वजनावर विकणाऱ्या धंद्यातही गवताला पिशवीतले खत घालणे बहुतेक ठिकाणी मागे पडले. जनावराला स्फुरद चाटणातून थेट द्यावा, तो माळभर पसरवू नये, हे तिथल्या पशुपालकाने स्वीकारले. करप्याला तोंड देणारी नवी स्टायलो मात्र टिकली आणि भारतातही आली. माळरान सुधारणेच्या कार्यक्रमांतून ती महाराष्ट्राच्या बरडावर पेरली गेली.

इकडे १९७२ चा दुष्काळ आला. त्याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत, खडी फोडणारे हात, सुकडी, मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे कामांवर होती आणि भूकबळींचा १८७६ सारखा संहार झाला नाही. जनावरांच्या बाबतीत प्रगती तेवढी नव्हती. चारा डेपो निघाले, पण दावणी रिकाम्या झाल्याच. त्यानंतर चाऱ्याचे शास्त्र भरभर पुढे गेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने यशवंत, जयवंत असे संकरित नेपियर दिले, मारवेलचे सुधारित वाण दिले. मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या बायफने संकरित गाय गोठ्यात आणली. सोलापूरच्या केंद्रात १९८० च्या दशकात सुरू झालेल्या दीर्घ प्रयोगाने दाखवले की रब्बी ज्वारीला लागणारे नत्र निम्मे पिकाच्या अवशेषांतून आणि निम्मे सुबाभळीच्या पाल्यातून दिले तरी चालते आणि जमिनीचा कसही वाढतो. हे संशोधन शेताच्या बांधापर्यंत पोचले. माळावर गेले नाही.

माळावर का गेले नाही, हे आकड्यांनी पाहू. कोरड्या प्रदेशातल्या गवताला हेक्टरी चाळीस किलो नत्र द्यायचे ठरवले तर पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या दोन गोण्या लागतात. गोणीला सुमारे २६६ रुपये धरले तर खर्च साडेपाचशेच्या आत. पाऊस बरा झाला आणि नत्राच्या किलोमागे पंधरा किलो वाळले गवत जास्त मिळाले, असे समजू. म्हणजे सहाशे किलो. उभ्या गवताला किलोला तीन रुपये धरले तरी अठराशे रुपये होतात. कागदावर व्यवहार तिप्पट फायद्याचा आहे. आता त्यात सोलापूर मिसळा. दर तीन-चार वर्षांतून एकदा पाऊस दगा देतो आणि त्या वर्षी खताचा उपयोग शून्य. चांगल्या वर्षीही हे सहाशे किलो कापायला मजूर लागतात, वाहायला गाडी लागते. आणि माळ गायरान असेल तर खत टाकणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही, पहिला जो कळप पोचेल तो खाऊन जातो. रसायनशास्त्र बरोबर आहे, बाजारभावही बरोबर आहे, चुकते ते मालकीत. शिवाय बैलाचा भाव वजनावर नसल्याने जास्तीच्या गवताचे पैसे मोजायला गिऱ्हाईकही नाही. १९७६ च्या कायद्याने गोहत्याबंदी होती आणि २०१५ मध्ये ती बैल-वळूंनाही लागू झाली. त्यानंतर म्हाताऱ्या बैलाचा उरलासुरला भावही कायद्याने मिटला. त्याच्या नैतिक बाजूबद्दल प्रत्येकाचे मत असेल, पण हिशेबात त्याचा अर्थ असा की औतातून सुटलेल्या जनावराच्या चाऱ्याचा खर्च कुठूनच वसूल होत नाही.

म्हणून खत गेले तिथे, जिथे मोजणी होते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेकाठ उसाने भरला. दूध लिटरवर मोजले जाते, म्हणून संकरित गाईच्या नेपियरला विहिरीचे पाणी आणि युरिया मिळाला. उसाचे वाढे ही गळीत हंगामातली मोठी वैरण झाली. कोरड्या तालुक्यांत युरिया गवताऐवजी कडब्यालाच देण्याची रीत कृषी विस्तारकांनी शिकवली. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून तीन आठवडे हवाबंद ठेवायचे. खिलार मागे पडला, ट्रॅक्टर आला आणि शेणाचा ढीग बागायती गोठ्यांशेजारी, उसाच्या फडाजवळ जमू लागला. बरडाकडून काळ्या रानाकडे जाणारे सत्त्व आता पाण्याकडे जाऊ लागले.

२०१२-१३ आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने छावणीत राहिली. २०१९ च्या उन्हाळ्यात सरकार मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपये देत होते. शंभर दिवसांचे दहा हजार, एका जनावराचे. तेवढ्या पैशात, वरच्या हिशेबाने, अठरा हेक्टर माळाला एका चांगल्या वर्षी खत देता आले असते. खत दुष्काळात उपयोगी नाही, ते सुकाळात घालून गवत कापून गंजी रचायला हवी, त्याला कुंपण, राखणदार आणि गोदाम लागते. हे सगळे धरूनही हा खर्च छावणीच्या खर्चापेक्षा कमी भरेल असे मला वाटते. छावणीतला चारा बहुतेक ऊस आणि वाढे होते, म्हणजे पाण्यामुळे जिथे दुष्काळ पडत नाही तिथले गवत ट्रकने दुष्काळात आणले गेले. १८७६ मध्ये जी वाहतूक परवडली नाही, तिचे पैसे आता तिजोरीतून गेले.

माळाला एकदाच सवलत मिळाली, तीही गुरांसाठी नाही. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये माळढोक पक्ष्याचे अभयारण्य झाले. निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी त्या पक्ष्याकडे लक्ष वेधले होते. तिथल्या राखलेल्या तुकड्यांत चराई थांबली आणि गवत उठले. पिशवीतले खत कुणी टाकले नाही. जे उगवले ते तिथेच वाळले, तिथेच कुजले, आणि कुसळी-पवन्याच्या दाटीत काळवीट आणि लांडगे वावरू लागले. माळढोक मात्र आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ज्या गावांची जमीन अभयारण्याच्या कागदावर आली त्यांना खरेदी-विक्रीपासून घर बांधण्यापर्यंत अडचणी आल्या, आणि धनगरांच्या कळपांना राखलेल्या कुंपणाबाहेरूनच जावे लागले. अभयारण्याचे क्षेत्र पुढे हजारो चौरस किलोमीटरने कमी झाले. राखले की गवत येते, हे नान्नजने दाखवले. राखलेले गवत कापायचा हक्क कोणाचा आणि कापल्यावर जमिनीला काय परत द्यायचे, हे ठरवायला सांगोला-मंगळवेढ्याच्या ग्रामसभांपुढे अजून गायराने शिल्लक आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, तरी गायरानांचे तुकडे दर वर्षी थोडे थोडे कमी होत आहेत.